दोन गाड्यांमधून एकच ठेवायची असेल तर कोणती ठेवावी?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीने प्रत्येक सदनिकेला एकच पार्किंग देण्याचा ठराव केला आणि दोन वर्षे पुढे ढकललेला प्रश्न अखेर आमच्या दारात येऊन उभा राहिला. घरात दोन गाड्या होत्या. एक २०१५ पासिंगची डिझेल, १,४९८ सीसीची, उंच बांध्याची आणि मोठ्या डिकीची. दुसरी २०२० पासिंगची पेट्रोल हॅचबॅक, १,१९७ सीसीची, क्लच नसलेली. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला होता, माझे पती निवृत्त झाले होते आणि दोन्ही गाड्या मिळून वर्षाला जेमतेम ११,००० किलोमीटर फिरत होत्या. एक गाडी काढायची यावर घरात मतभेद नव्हता. कोणती काढायची यावर मात्र दोन महिने चर्चा चालली, आणि त्या चर्चेत आम्ही ज्या चुका करत होतो त्याच चुका बहुतेक घरांत होताना दिसतात. म्हणून आम्ही शेवटी ज्या क्रमाने गेलो तो क्रम येथे सविस्तर देत आहे.

मुख्य चूक प्रश्न मांडण्यातच होते. 'दोघींपैकी चांगली गाडी कोणती' असा प्रश्न घेतला की प्रत्येक जण आपल्या आवडीच्या गाडीचे गुण सांगू लागतो. दोन गाड्यांच्या घरात कोणतीही गाडी पूर्ण काम करत नसते. एक गावाला जाते, दुसरी भाजीला जाते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीमुळे ती वाटणी आपल्याला नैसर्गिक वाटू लागते. एक गाडी गेल्यावर उरलेल्या गाडीला दोघींचे काम करायचे असते. त्यामुळे विचारायला हवे ते एवढेच, की या दोघींपैकी कोणती गाडी दुसरीचे काम कमी अडचणीत करू शकेल.

पायरी १ : गाड्यांची कामे लिहून काढा

अंदाजावर विसंबू नका, कारण लांबचे प्रवास लक्षात राहतात आणि रोजच्या फेऱ्या विसरल्या जातात. माझे पती ठामपणे सांगत होते की आपण वर्षातून सात-आठ वेळा गावी जातो. आमचे गाव पाटण तालुक्यात आहे, पुण्यापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर. फास्टॅगचे वर्षभराचे विवरण काढले तेव्हा खेड शिवापूर आणि आनेवाडी या नाक्यांवर डिझेल गाडीच्या जाण्या-येण्याच्या नोंदी फक्त तीन प्रवासांच्या निघाल्या. एक गणपतीचा, एक मे महिन्यातला आणि एक भाऊबंदांतल्या लग्नाचा.

फास्टॅगच्या विवरणावरून महामार्गावरचे प्रवास कळतात, आणि इंधनाचे पैसे मोबाइलवरून दिले असतील तर पंपावरच्या नोंदीवरून शहरातल्या वापराचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्याशिवाय चार आठवडे एक साधी वही प्रत्येक गाडीत ठेवा आणि प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहा : कुठे गेलो, गाडी कोणी चालवली, किती माणसे होती आणि काय सामान होते. यातला 'कोणी चालवली' हा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो. आमच्या वहीत डिझेल गाडीच्या एकूण एक फेऱ्यांपुढे एकच नाव होते. मी ती गाडी चालवत नाही हे मला माहीत होते, परंतु चार आठवड्यांत एकदाही चालवली नाही हे लिहिलेले पाहिल्यावरच कळले.

पायरी २ : दुसऱ्या गाडीला न जमणारी कामे शोधा

वही भरल्यावर प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. हे काम दुसऱ्या गाडीने सहज झाले असते, थोड्या गैरसोयीने झाले असते, की झालेच नसते? पहिल्या प्रकारातल्या नोंदी निर्णयासाठी निरुपयोगी आहेत, कारण तिथे दोन्ही गाड्या सारख्याच. सगळे लक्ष तिसऱ्या प्रकारावर द्या आणि त्यातही 'झालेच नसते' हे खरोखर तपासून पाहा. टेप घेऊन डिकी मोजा, चाकाची खुर्ची असेल तर ती घडी करून प्रत्यक्ष आत ठेवून पाहा, लहान मुलाची सीट दोन्ही गाड्यांत बसवून पाहा.

वयस्कर माणसे असतील तर सीटची उंची हा विषय बारकाईने पाहावा. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. हॅचबॅकमध्ये बसताना त्या आधी दाराकडे पाठ करतात, एका हाताने दाराची चौकट धरतात, मग मागच्या मागे सीटवर टेकतात आणि शेवटी दोन्ही पाय एकेक करून हाताने उचलून आत घेतात. उतरताना हाच क्रम उलटा, आणि त्यातला सीटवरून उठण्याचा क्षण त्यांना सर्वांत अवघड जातो. डिझेल गाडीची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे तिथे त्या नुसत्या वळून बसतात. आम्ही दोन्ही सीट जमिनीपासून मोजल्या तर फरक साडेतीन इंचांचा निघाला. मग अपंग आणि वृद्धांसाठीचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून कडक फोमची, रेक्झिनचे आवरण असलेली तीन इंची गादी आणली. गादी मऊ असून चालत नाही, ती दबते आणि उठताना उपयोग होत नाही. तसेच उंच गादीमुळे सीटबेल्ट पोटावर न जाता कमरेच्या हाडावरच बसतो ना, हे बघून घ्यावे लागते. ही गादी ठेवल्यावर त्या हॅचबॅकमधूनही एका हाताच्या आधाराने उठू लागल्या, आणि 'झालेच नसते' या रकान्यातली एक नोंद 'थोड्या गैरसोयीने' या रकान्यात गेली.

रस्त्याचेही असेच तपासावे. आमच्या गावाकडचे शेवटचे तीन किलोमीटर खडीचे आहेत आणि भरलेल्या हॅचबॅकचे पोट तिथे एका ओढ्यापाशी घासते. वर्षातून तीन वेळा त्या जागी दोघांनी खाली उतरून वीस पावले चालावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ होता. ज्यांना दर आठवड्याला शेतावर जायचे आहे त्यांच्यासाठी हीच अडचण निर्णायक ठरेल आणि त्यांनी उंच गाडीच ठेवावी.

चालवणारी माणसे हा या पायरीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात दोघांना गाडी येते आणि ठेवलेली गाडी त्यांपैकी एकच चालवतो, तर त्या घरात खऱ्या अर्थाने अर्धीच गाडी उरते. रात्री दोन वाजता कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले आणि चालवणाराच आजारी असला, तर दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा उपयोग नाही. गुडघेदुखीमुळे क्लच दाबणे जड जाणे, मोठी गाडी अरुंद जागेत लावण्याची भीती वाटणे, ही कारणे किरकोळ समजून 'सवय होईल' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. साठीच्या पुढे अशी सवय होत नाही, आणि बहुतेक घरांत ही सवय करून घेण्याची जबाबदारी बाईवर टाकली जाते.

पायरी ३ : कागदपत्रांचे वय पाहा

खासगी गाडीची नोंदणी, ती झाल्याच्या तारखेपासून १५ वर्षे चालते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून गाडी किती वर्षांची आहे यापेक्षा, तिच्या आरसीवर किती वर्षे शिल्लक आहेत आणि आपण ती किती वर्षे ठेवणार आहोत, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा. आमच्या डिझेल गाडीची नोंदणी २०३० मध्ये संपते. ती ठेवली असती तर हा सगळा विचार थोड्याच वर्षांत पुन्हा करावा लागला असता.

दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदी आहे, असे अनेक जण सांगतात आणि त्या भीतीपोटी चांगल्या गाड्या पडेल भावात विकल्या जातात. तो निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि नंतर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिल्ली परिसरासाठी आला होता, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सैल केला. महाराष्ट्रातल्या गाडीला तो लागू होत नाही. दिल्लीकडे बदली होण्याची शक्यता असेल तरच त्याची आजची स्थिती पाहावी.

सीएनजी गाडी असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते आणि टाकीचे आयुष्य २० वर्षे धरलेले आहे. टाकीवरच्या पट्टीवरची तारीख वाचून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) आरसीवरून उतरवला आहे का, आणि जुनी ई-चलने थकली आहेत का, हेही याच वेळी दोन्ही गाड्यांसाठी पाहून ठेवा. कर्ज फिटून पाच वर्षे झाली तरी बोजा तसाच राहिलेला असतो, आणि तो उतरवायला बँकेचे पत्र व फॉर्म ३५ लागतो. ज्या गाडीचा बोजा उतरलेला नाही ती आज ठरवून उद्या विकता येत नाही.

विम्याच्या बाबतीत इंजिनाचा आकार पाहा. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये आहे, त्यावर जीएसटी वेगळा. आमच्या दोन्ही गाड्या मधल्या टप्प्यात असल्याने फरक पडला नाही, परंतु दोन लिटरची गाडी आणि आठशे सीसीची गाडी यांत निवड असेल तर पडेल.

पायरी ४ : दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच मेकॅनिककडे

दोन वेगळ्या गॅरेजांची मते तुलनेला उपयोगी पडत नाहीत. ज्याला आपल्याकडून गाडी विकत घ्यायची नाही असा मेकॅनिक निवडा, दोन्ही गाड्या लागोपाठ लिफ्टवर घ्यायला सांगा आणि तपासणीचे पैसे द्या. कोणती गाडी काढायचा विचार आहे हे त्याला आधी सांगू नका. त्याला एकच प्रश्न विचारा : पुढची तीन वर्षे प्रत्येक गाडी वर्षाला ११,००० किलोमीटर चालवायची असेल, तर कोणत्या गाडीला काय-काय लागेल आणि कधी?

तुम्ही स्वतः जवळ उभे राहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या असतात. आमच्या डिझेल गाडीचे चारही टायर असेच निघाले. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडल्यावर धूर झटक्याझटक्याने बाहेर येत असेल तर इंजिनाची झीज झाली आहे, आणि हे खर्चाचे काम आहे. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो केव्हा बदलला याची पावती शोधा. पावती नसेल तर बदललेला नाही असेच धरा. कोकणात किंवा समुद्रकाठी राहिलेल्या गाडीचा तळ, दारांचे खालचे काठ आणि सायलेन्सरचे सांधे टोकदार वस्तूने हलके टोचून पाहायला सांगा. वरून रंग चकचकीत असताना आतून गंजलेला पत्रा केवळ अशाच वेळी सापडतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक निकषांतल्या) डिझेल गाड्यांबद्दल एक गोष्ट माझ्या मेकॅनिकने आपणहून सांगितली आणि ती फार महत्त्वाची आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडीला अधूनमधून लांबची, सलग वेगाची धाव लागते. जिचे उरलेले आयुष्य मंडई, शाळा आणि बँक एवढ्यातच जाणार आहे अशी डिझेल गाडी, कितीही नवी असली तरी, एकुलती एक म्हणून ठेवू नये.

सुरक्षिततेची तुलनाही याच दिवशी करा, कारण एकच गाडी उरली की घरातली सगळी माणसे त्याच गाडीतून जाणार. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांत यांपैकी काहीही नसू शकते. एका गाडीत एबीएस आणि दोन एअरबॅग आहेत आणि दुसरीत नाहीत, एवढ्यावर माझ्या मते निर्णय तिथेच संपवावा. पुढच्या पायऱ्यांत जाऊ नये.

पायरी ५ : पुढच्या तीन वर्षांचा हिशोब

आतापर्यंत गाडीवर जे खर्च झाले ते या हिशोबात धरायचे नाहीत. 'गेल्याच वर्षी एसीला तीस हजार घातले' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ते पैसे दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. एसी आता नीट आहे ही गोष्ट मोजायची, त्याची किंमत नाही.

आमचा हिशोब येथे देते, त्यातले भाव प्रत्येकाने आपापले घालावेत. सगळे ११,००० किलोमीटर एकट्या पेट्रोल गाडीने करायचे, तर १५ च्या अ‍ॅव्हरेजने आणि १०४ रुपये लिटरने वर्षाला सुमारे ७६,००० रुपये लागतात. तेच डिझेलने, १६ च्या अ‍ॅव्हरेजने आणि ९१ रुपयांनी, सुमारे ६२,५०० रुपये. म्हणजे इंधनात डिझेल गाडी वर्षाला १३,५०० आणि तीन वर्षांत ४०,५०० रुपये वाचवते. येथे अ‍ॅव्हरेज कंपनीचे धरू नका आणि एकाच टाकीवरूनही काढू नका. टाकी फुल करून, पुन्हा फुल करून, असे तीनदा मोजा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पेट्रोल गाडीत २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे अ‍ॅव्हरेज थोडे उतरते, म्हणून चार वर्षांपूर्वीचा लक्षात राहिलेला आकडा चालणार नाही.

मेकॅनिकच्या यादीनुसार डिझेल गाडीला तीन वर्षांत चार टायर, क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनचे काम मिळून ७२,००० रुपये येणार होते. पेट्रोल गाडीला बॅटरी आणि ब्रेक मिळून ११,०००. येथे पेट्रोल गाडी ६१,००० रुपयांनी पुढे गेली.

तिसरा भाग किमतीतली घट. पेट्रोल गाडीचे आज ४,६०,००० रुपये सांगितले गेले आणि तीन वर्षांनी अधिक जुन्या तशाच गाडीचे ३,३०,०००, म्हणजे घट १,३०,०००. डिझेलचे आज ३,४०,००० आणि नोंदणी संपत आलेल्या तशाच गाडीचे १,७०,०००, म्हणजे घट १,७०,०००. येथेही पेट्रोल गाडी ४०,००० रुपयांनी पुढे. भाव काढताना २२ सप्टेंबर २०२५ नंतरचेच व्यवहार पाहा. त्या दिवशी लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यांच्यामागे जुन्यांचे भावही हलले.

आता दुसरी बाजू. पेट्रोल गाडी विकली असती तर आज १,२०,००० रुपये जास्त हाती आले असते आणि बँकेच्या ७ टक्के दराने तीन वर्षांत त्यांवर सुमारे २५,००० रुपये व्याज मिळाले असते. हे सगळे एकत्र केल्यावर पेट्रोल गाडी ठेवणे तीन वर्षांत अंदाजे ३५,००० रुपयांनी, म्हणजे महिन्याला हजार रुपयांनी स्वस्त ठरले. ज्या पैशांवरून आम्ही दोन महिने वाद घातला तो फरक एवढाच होता. तुमच्याही हिशोबात फरक महिन्याला दीड-दोन हजारांच्या आत निघाला तर पैशांचा मुद्दा बाजूला ठेवा आणि पुढच्या पायरीवर निर्णय सोपवा. फरक मोठा निघाला, म्हणजे एका गाडीला इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे काम येत असेल, तर मात्र त्याला मान द्यावाच लागतो.

पायरी ६ : एकेक गाडी बंद ठेवून पाहा

ही पायरी कोणी करत नाही आणि सर्वांत जास्त शिकवणारी हीच आहे. दोन आठवडे एक गाडी पूर्ण बंद ठेवा, नंतरचे दोन आठवडे दुसरी. किल्ली घरात ठेवू नका, शेजारी किंवा भावाकडे द्या. घरात किल्ली असली की पहिल्याच पावसाळी संध्याकाळी ती उचलली जाते. या काळात रिक्षा, टॅक्सी, मेट्रो, दुसऱ्याची गाडी यांवर जो खर्च होईल तो आणि जी कामे टळली ती त्याच वहीत लिहा. सणाचे किंवा परीक्षेचे दिवस मुद्दाम यात येऊ द्या.

आमच्याकडे आधी पेट्रोल गाडी बंद ठेवली. पंधरा दिवसांत मी एकदाही गाडी चालवली नाही. नऊ वेळा रिक्षा केली, दोन वेळा बाहेर जायचेच टाळले आणि एका सकाळी सासूबाईंची तपासणी माझे पती परतेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, पुढे ढकलली. त्यानंतर डिझेल गाडी बंद ठेवली. गादीमुळे सासूबाईंचे निभावले. गावाला तिघे गेलो, सोबत तांदळाचे एक पोते आणि दोन पिशव्या होत्या, आणि ओढ्यापाशी खरोखरच उतरावे लागले. माझ्या पतींना महामार्गावर ओव्हरटेक करताना इंजिनाचा जोर कमी वाटला आणि खंबाटकीच्या चढावर ते वैतागले, हेही वहीत त्यांनी स्वतःच लिहिले. परंतु त्या पंधरा दिवसांत कोणतेही काम अडले नाही, आणि गाडी आम्ही दोघांनी जवळजवळ निम्मी-निम्मी चालवली. दोन्ही पाने शेजारी ठेवल्यावर चर्चा करण्यासारखे काही उरले नाही. पेट्रोल गाडी राहिली.

दोन्ही गाड्यांच्या पानांवर 'अडले' अशा नोंदी भरपूर निघाल्या, तरच दोन्ही विकून तिसरी घेण्याचा विचार करावा. त्यात नव्या गाडीवर पुन्हा एकरकमी रस्ता कर भरावा लागतो, आणि ज्या गाड्यांवर तो आधीच भरलेला आहे त्यांतली एक वापरणे हा या सगळ्यातला मोठा फायदा असतो.

पायरी ७ : काढलेली गाडी नावावरून उतरवा

निर्णय झाला की माणसे सुटल्यासारखी होतात आणि इथेच निष्काळजीपणा होतो. बारा वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी गाडी एका एजंटाला दिली. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, पैसे मिळाले आणि विषय संपला असे समजलो. त्याने ती पुढे कोणाला तरी दिली, कागद कोणीच आरटीओत नेले नाहीत, आणि सव्वा वर्षाने वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन माझ्या पतींच्या नावाने आले. चलनावर थांबले हे आमचे नशीब. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी प्रत्यक्ष किती हातांतून गेली याने फरक पडत नाही.

त्यामुळे ओळखीच्या माणसाला विकत असाल तर विक्रीच्या दिवशीच, तारीख आणि वेळ घालून, ताबापत्र करा, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा. व्यापाऱ्याला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे तो अधिकृत आहे का ते विचारा. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी ने सरकारच्या वाहन पोर्टलवर देता येते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. एखादा हजार-दोन हजार रुपये कमी देणारा पण नाव बदलून देणारा खरेदीदार पत्करावा.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. विकलेल्या गाडीच्या विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्या. ते तीन वर्षे चालते आणि तेवढ्या काळात दुसरी गाडी घेतली तर तिच्या हप्त्यात वापरता येते. पत्र न घेता पॉलिसी खरेदीदाराच्या नावावर गेली की ही सवलत मिळवणे अवघड होते. फास्टॅग काचेवरून काढून बँकेत बंद करा, नाहीतर पुढच्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास घेतला असेल तर तो त्या गाडीलाच जोडलेला असतो, म्हणून विक्रीची तारीख ठरवताना त्याची मुदत पाहा.

पायरी ८ : गेलेल्या गाडीच्या कामांची सोय

विक्रीच्या पैशांतून काही रक्कम वेगळी ठेवा आणि ती रिक्षा, टॅक्सी व भाड्याच्या गाडीसाठीच वापरा. आम्ही विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग आणि टायर यांवर डिझेल गाडीला वर्षाला सरासरी जेवढे लागत होते तेवढे, म्हणजे २८,००० रुपये, एका वेगळ्या खात्यात टाकले. अशी रक्कम ठरवलेली नसली की तीनशे रुपयांची रिक्षासुद्धा उधळपट्टी वाटते आणि 'उगाच गाडी काढली' ही बोलणी सुरू होतात. सात जणांना एकत्र जायचे असेल तेव्हा चालकासह मोठी गाडी सांगावी. स्वतः चालवायला भाड्याने घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ठेवलेल्या गाडीची देखभाल आता थोडी कडक करावी लागते, कारण ती गॅरेजमध्ये गेली की दाराशी दुसरी नाही. बॅटरी पूर्ण बसेपर्यंत थांबू नका, चौथ्या वर्षी बदला. दोन्ही चालकांकडे स्वतंत्र किल्ली असू द्या. गाडी गॅरेजमध्ये न्यावी लागेल असे मोठे काम, मग ते टायरचे असो की क्लचचे, पावसाळ्यापूर्वी उरकून घ्या.

आमच्या डिझेल गाडीचे नाव बदलायला पाच आठवडे लागले. त्या काळात दर सोमवारी मी वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाच्या नावाची अक्षरे पाहत असे. सहाव्या सोमवारी तिथे नव्या मालकाच्या नावाची आद्याक्षरे दिसली, ते पान छापून घेतले आणि ताबापत्राच्या मागे टाचणीने लावून फाइलमध्ये ठेवले. ती फाइल आम्ही टाकून देणार नाही.